झुंबरबाईंची कोठीची खोली

झुंबरबाईंची चूक नेमकी कोणत्या क्षणी घडली? हे टिपण लिहिताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला आणि त्याचे उत्तर देता आले नाही. त्यांनी दार लावले तेव्हा ती घडली, की दोन दिवस आधी धान्यात ठेवायच्या गोळ्या घरात आल्या तेव्हा, की त्याच्याही पंचवीस वर्षे आधी, त्याच खोलीत त्या स्वतः सुखरूप बसल्या आणि सुखरूप उठल्या तेव्हा? घटनांचा क्रम सांगता येतो. त्यात बोट कुठे ठेवायचे ते सांगता येत नाही.

वाटूरला झुंबरबाईंचे नाव होते ते धान्य राखण्यासाठी. घरची जमीन बऱ्यापैकी, नवरा कडूबा कष्टाळू आणि अबोल. शेतातून खळ्यापर्यंतचे काम त्याचे आणि खळ्यापासून ताटापर्यंतचे झुंबरबाईंचे, अशी त्यांच्या संसाराची वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत ठरून गेली. त्यांच्या कोठीतल्या गव्हाला दुसऱ्या वर्षीही कीड लागत नसे. आसपासच्या बाया आपली ज्वारी, आपले मूग ओंजळीत घेऊन त्यांच्याकडे येत आणि ते भरायला झाले की नाही ते विचारत. झुंबरबाई त्यातला एक दाणा दाढेखाली धरत. तो कडकन फुटला तर भरा म्हणत, दबला तर अजून दोन उन्हे द्या म्हणत. दाणा फुटल्याचा आवाज त्यांना पुरेसा असे. त्याबाबत त्यांचा अंदाज चुकल्याचे कोणाला आठवत नाही.

त्यांची रीत सासूकडून आलेली होती. वैशाखाच्या उन्हात गहू माळवदावर पसरायचा, तो गार झाल्यावर भरायचा, प्रत्येक थरावर कडुनिंबाचा सुकवलेला पाला टाकायचा, मधूनमधून वेखंडाचे तुकडे आणि लसणाच्या सुक्या गड्ड्या पुरायच्या, मुगाला चाळलेली राख लावायची, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. या वस्तूंबद्दल एक गोष्ट ध्यानात घेतली नाही तर पुढचे काहीच समजणार नाही. धान्याला ज्या वस्तू लागत त्याच घरात बाळंतिणीला आणि तान्ह्या लेकराला लागत. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने बाळंतीण न्हात असे. वेखंड उगाळून बाळाच्या टाळूला लागे, वेखंडाची पूड त्याच्या अंगाला लागे. लसणाच्या सालींची आणि ओव्याची धुरी खोलीत फिरे. झुंबरबाईंच्या आयुष्यात किडीपासून राखणारी वस्तू आणि लेकराला राखणारी वस्तू यांची फडताळे कधी वेगळी नव्हती.

कोठीची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. पुढच्या तीन खोल्या नव्या, पत्र्याच्या; ही एकटी जुनी, मातीच्या माळवदाची, जाड भिंतींची. तिला खिडकी नव्हती. वर हात मावेल एवढा एक झरोका आणि पुढे एक बुटके दार. उन्हाळ्यात ती घरातली सर्वांत गार जागा असे. १९९५ च्या दिवाळीत सूर्यग्रहण लागले तेव्हा झुंबरबाईंना सहावा महिना होता. सासूने त्यांना याच खोलीत बसवले होते. त्या वेळी पुढे एकच पत्र्याची खोली होती. पत्र्याला खिळ्यांची भोके होती, आणि एरवी त्या भोकांतून जमिनीवर पडणारे उन्हाचे गोल कवडसे ग्रहण चढू लागताच एका बाजूने खाल्ल्यासारखे झाले, विळ्याच्या पात्यासारखे वाकडे. सासूने ते त्यांना दारातून दाखवले आणि म्हणाली की हे असले ऊन पोटावर पडले तर आतल्या लेकराचाही असाच लचका जातो. मग तिने दार लावले. माघात शालू जन्मली, हातपाय-ओठ सगळे धड असलेली, पाच-सहा आठवड्यांत नजर धरू लागलेली. झुंबरबाईंच्या दृष्टीने या विषयावर आणखी पुराव्याची गरज उरली नाही.

शालूचे लग्न पुण्यात नोकरी करणाऱ्या निखिलशी झाले. पहिली मुलगी चिन्मयी. तिला सगळे चिमी म्हणत. तिच्यानंतर एक गर्भ तिसऱ्या महिन्यातच गेला आणि त्यानंतर शालू पुष्कळ दिवस कोणाशी नीट बोलली नाही. म्हणून २०१९ सरता सरता पुन्हा दिवस राहिले तेव्हा ती बातमी आनंदापेक्षा धाकानेच घरात सांगितली गेली. पाठोपाठ साथ आली. पुण्यातले दवाखाने भरले, निखिलच्या इमारतीत रुग्ण सापडले. झुंबरबाईंनी फोनवरून जावयाजवळ आग्रह धरला की शालूला वाटूरला आणून सोडा. निखिल कचरत होता. तिथे डॉक्टर जवळ नाही म्हणाला. त्यावर झुंबरबाईंनी जे शब्द दिले ते पुढे त्यांच्या मनातून गेले नाहीत.

"जावईबापू, तिला माझ्या हवाली करा. जशी देताल तशी वापस देते. एकाची दोन करून."

मे महिन्यात शालू आणि चिमी आल्या. पुण्याहून आलेल्या म्हणून गावाने त्यांना दोन आठवडे वेगळे ठेवायला लावले. ते संपल्यावरही शेजारच्या दुर्गाबाई अंगणातूनच बोलत आणि चिमी जवळ गेली की पदर तोंडावर घेत. झुंबरबाईंना ते लागले, पण लेक आणि नात घरात होत्या आणि सातवा महिना नीट चालला होता. त्यापुढे बाकीचे त्यांनी मनावर घेतले नाही. लेकीला वाऱ्याला जाऊ द्यायचे नाही, उंबऱ्यात बसू द्यायचे नाही, तिन्हीसांजेला बाहेर पाठवायचे नाही. शालू हसायची. माय, तू मला गव्हासारखी राखून राह्यली, म्हणायची.

गव्हाचे मात्र त्या वर्षी तसे राखणे झाले नव्हते. झुंबरबाईंचे गुडघे दोन वर्षांपासून माळवदाची शिडी चढू देत नव्हते. गहू एकाच उन्हात वाळवून भरला गेला आणि जूनमध्ये कोठीत हात घातल्यावर त्यांच्या बोटांना किडे लागले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी हे कडूबालाही लगेच सांगितले नाही. मुलगा हरिओम जालन्याला एका कंपनीत नोकरीला होता; त्याला फोनवर सांगितले, तेही इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर. हरिओम शुक्रवारी आला आणि बाजारात मिळणाऱ्या गोळ्या घेऊन आला. आता पाला नको, राख नको, शिडी नको, म्हणाला. आईने पुन्हा शिडीवर चढायचे नाव काढू नये एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती खरीच होती. गोळ्या फडक्यात बांधून त्याने कोठ्यांत ठेवल्या, दार ओढले आणि पंधरा दिवस कोणी उघडू नका म्हणून बजावले.

झुंबरबाईंनी विचारले, "आन् उघडलं तं?"

हरिओमला जालन्याला परत जायची घाई होती. आईला भीती घातली तर ती गोळ्या उचलून फेकून देईल आणि दुसऱ्या दिवशी शिडी मागेल, हेही त्याच्या मनात आले असावे. तो गाडीला किक मारता मारता म्हणाला, "उघडलं का दव्याची पावर जाते, माय. मंग काय उपेग?"

हे उत्तर खोटे नव्हते. झुंबरबाईंनी ते पूर्ण समजून घेतले. दार बंद ठेवायचे ते गव्हासाठी.

रविवारी, जूनच्या एकवीस तारखेला, सूर्यग्रहण होते. सकाळी दहाच्या सुमारास लागून दुपारी दीडनंतर सुटणार होते. शनिवारपासून झुंबरबाईंना एकाच प्रश्नाने घेरले होते, शालूला कुठे बसवायचे. पुढच्या तिन्ही खोल्या पत्र्याच्या. दुर्गाबाईंच्या घरी स्लॅबची खोली होती, पण ज्या बाईने पदर तोंडावर घेतला तिच्याकडे पुण्याहून आलेली गर्भारशी लेक घेऊन जायची कशी? निखिल फोनवर म्हणाला की हे सगळे मानायचे कशाला. शालूही आधी तसेच म्हणाली. पण तो गेलेला गर्भ दोघींच्याही मनात होता. न मानावे आणि पुन्हा काही व्हावे, एवढे धैर्य शालूजवळ नव्हते. तीच शेवटी म्हणाली की मी पोटात असताना तू जिथे बसलीस तिथे मी बसते.

झुंबरबाईंनी रात्री कडूबाजवळ हिशेब मांडला. खोली उघडली तर दव्याची पावर जाणार, गहू किडणार, गावातल्या ज्या घरांना वर्षाचे धान्य देतो त्यांना या वर्षी नाही म्हणावे लागणार. कडूबा म्हणाला, "जाऊ दे गहू. लेकीपरीस काय हाय?" झुंबरबाईंचेही तेच मत होते. त्या रात्री त्यांनी लेकीसाठी गव्हावर पाणी सोडले आणि त्या समाधानात झोपल्या.

सकाळी त्यांनी खोली उघडली, दोन कोठ्यांच्या मधल्या जागेत गोधडी अंथरली, पाण्याच्या तांब्यात तुळशीपत्र टाकले. झरोक्यावर कौल ठेवून कडूबाकडून वरून ओले पोते दाबून घेतले. दव्याची थोडीफार पावर उरावी म्हणून दार जास्त वेळ उघडे राहू दिले नाही. चिमी ऐकेना, आईच्या पदराला धरून तीही आत गेली. दार लागले. दाराखालच्या फटीत झुंबरबाईंनी जुने लुगडे कोंबले आणि दाराला पाठ लावून त्या नामस्मरण करत बसल्या.

प्रथम आतून गोष्टीचा आवाज येत होता. शालू चिमीला सांगत होती. मग तिने हाक मारली.

"माय, लसणाचा लई वास येऊन राह्यला इथं."

"येऊ दे की. लसणाचा वास चांगलाच असतो दोन जिवाच्या बाईला."

लसूण यंदा कोठीत घातलाच नव्हता. पाला, वेखंड, लसूण, सगळे त्या वर्षी वगळले होते. हे झुंबरबाईंना माहीत होते. पण जन्मभर त्या खोलीला येणारा वास त्या दिवशीही येतो आहे, यात त्यांना खटकण्यासारखे काही दिसले नाही. वासाने उलट मनाला बरे वाटले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

पुढच्या खोलीत कडूबा बसला होता. शेणाने सारवलेल्या जमिनीवर कवडसे पडले होते आणि ते एका बाजूने झिजू लागले होते. थोड्या वेळाने सगळी जमीन बारीक बारीक विळ्यांनी भरली. कडूबाने बायकोला ते पाहायला बोलावले. त्यांनी मान वळवून पाहिले आणि हात जोडले.

त्यानंतर शालू म्हणाली की मळमळते आहे, डोके धरले आहे. झुंबरबाईंनी तिला समजावले की तू सकाळपासून उपाशी आहेस, सातव्या महिन्यात पित्त चढतेच, पडून राहा, कूस मात्र बदलू नको. मग ओकारीचा आवाज आला. तीही सातव्या महिन्यात नवी नव्हती. मग चिमी रडली, थोडे रडून थांबली, आणि शालूचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक आला.

"माय, चिमीबी उलट्या करून राह्यली."

इथे झुंबरबाई उठल्या. त्यांनी कडीला हात लावला, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आई गर्भार असली की आधीचे पोर किरकिरे होते, जेवण टाकते, आईचे पाहून ओकते, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते. तरी हात कडीला गेला. कडूबा मागे येऊन उभा राहिला होता.

"उघड न दार. लेकरू हाय ते."

"अर्धं ग्रहण गेलं. इतक्यासाठी उघडलं आन् पोटातल्याला काही झालं तं जलमभर कोण निस्तरंल?"

 बायकांच्या गोष्टीत कडूबाने आयुष्यात तोंड घातले नव्हते. पुढच्या खोलीतल्या विळ्यांकडे बघत तो परत आपल्या जागी बसला. झुंबरबाईंनी कडी सोडली. शालेऽ, असे दोनदा म्हटले. शालूने हुंकार दिला. दुसऱ्यांदा दिला की नाही याबद्दल त्या खात्री देत नाहीत.

कवडसे पुन्हा गोल झाले तेव्हा त्यांनी दार उघडले. आंघोळीचे पाणी तापवून ठेवले होते. शालू भिंतीला टेकून होती आणि तिला उठता येत नव्हते. चिमी गोधडीवर, अगदी जमिनीसरशी निजली होती. उचलली तर मान सावरेना. आता त्या लसणाच्या वासात दुसरेच काहीतरी मिसळलेले झुंबरबाईंना जाणवले, सडक्या मासळीसारखे. त्यांनी नातीला छातीशी धरले आणि अंगणात आल्या. शेजारचा कल्याण, दुर्गाबाईंचा मुलगा, ट्रॅक्टर सोडून धावत आला आणि जीप काढली. त्या वेळी साथ, पुणे, पदर कोणाला आठवले नाही. दुर्गाबाई शालूचे डोके मांडीवर घेऊन परतूरपर्यंत बसल्या.

परतूरच्या डॉक्टरांनी दोघींना तपासले आणि लगेच जालन्याला हलवायला सांगितले. मात्र त्याआधी त्यांनी विचारले की घरात फवारणीचे औषध आहे का, धान्यात काही ठेवले आहे का. झुंबरबाई आपल्या परीने खरे बोलल्या.

"ठिवलंय, साहेब. पण ते गव्हासाठी हाय. माणसासाठी न्हाई."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी लगेच जालन्याला फोन लावला.

चिमी तीन-चार दिवसांनी हसायला लागली. शालू वाचली. पोटातल्या जिवाचे ठोके दुसऱ्या दिवशी थांबले. गोळ्यांच्या विषारी वायूमुळेच ते थांबले का, असे निखिलने विचारले तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी शक्यता मोठी आहे एवढेच सांगितले. शालूची प्रकृती आधीही नाजूक होती, हेही सांगितले. दोन्ही विधाने बरोबर असावीत. मुलगा होता.

या घरात नंतर कोणी कोणाला बोल लावला नाही, आणि हेच कदाचित सर्वांना जड गेले. निखिलने सासूला काही म्हटले नाही. हरिओम एकदाच म्हणाला की मी उघडू नका म्हणून सांगितले होते. मग त्याला आपणच दिलेले कारण आठवले असावे, कारण ते वाक्य त्याने पुन्हा उच्चारले नाही. त्याने कोठ्या मोकळ्या केल्या आणि खोलीचे दार काढून नेले. कडूबा त्या दिवसापासून घरातल्या गोष्टींत बोलू लागला. वेळ निघून गेल्यावर आलेले ते बोलणे झुंबरबाई मुकाट ऐकून घेत.

श्रावणाच्या तोंडी शालू पुण्याला निघाली. निखिल सामान गाडीत ठेवत होता. झुंबरबाईंनी तिची ओटी भरली, चिमीच्या हातात खाऊ दिला. आपण जावयाला दिलेला शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. त्या एवढेच म्हणाल्या की मला कळले नाही गं.

शालूने त्यांच्या हाताकडे पाहिले. मग हळू म्हणाली, "तू दाराशीच होतीस न्हवं, माय. म्हणून मी जोरात वरडलेच न्हाई. म्हणलं, माय हाय."

यात राग नव्हता. ती वाकून पाया पडली. साथीमुळे कोणी कोणाला शिवत नव्हते, तरी तिने गळामिठीही मारली. त्यानंतर फोन नियमाने येत राहिले. चिमी आजीला कविता म्हणून दाखवी. सणाला साडी येई. शालू मात्र राहायला आली नाही. आली तर सकाळी येऊन संध्याकाळी परतायची. निखिलला रजा नसते, चिमीची शाळा असते. कारणे खरी होती.

झुंबरबाईंनी पुन्हा धान्य भरले नाही. महिन्याचे पीठ-गहू वाटूरच्या दुकानातून येऊ लागले. कोणी बाई दाणे ओंजळीत घेऊन आली की त्या हात मागे घेत आणि दुसऱ्या कोणाला विचार म्हणत. २०२२ च्या दिवाळीत पुन्हा ग्रहण आले. दुर्गाबाईंच्या सुनेला तेव्हा पाचवा महिना होता. दुर्गाबाई विचारायला आल्या की हिला कुठे बसवू, तुमच्याशिवाय इथे कोणाला विचारणार.  बसवू नका, असे झुंबरबाईंच्या जिभेवर आले होते. पण त्या सुनेला पुढे काही झाले असते तर? आणि बसवा म्हणावे तर कोणत्या तोंडाने? शेवटी त्यांनी दुर्गाबाईंना एकच विचारले, की ज्या खोलीत बसवाल तिथे धान्य तर नाही ना. नाही म्हणाल्यावर त्या उठून आत गेल्या. त्या सुनेचे बाळंतपण नीट झाले. ग्रहणात खोलीत बसल्यामुळे झाले की त्या खोलीत धान्य नव्हते म्हणून झाले, हे दुर्गाबाईंनी विचारले नाही आणि झुंबरबाईंनी सांगितले नाही.

मार्च २०२३ मध्ये शालूला पुण्यात मुलगा झाला. ती बाळंतपणाला माहेरी आली नव्हती. झुंबरबाईंनी बाळाला पहिल्यांदा पाहिले ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, परतूरच्या एका लग्नात. शालूने ते त्यांच्या मांडीवर दिले आणि परत घेईपर्यंत ती जवळून हलली नाही.